अटीतटीच्या अध्यक्षीय निवडणुकीची व्यंगचित्रे कशी वाचावीत : १८७६, १८८४ आणि २००० च्या निमित्ताने

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांवरची जुनी व्यंगचित्रे आता संगणकावर सहज पाहायला मिळतात, पण नवखा मराठी वाचक त्यांच्यापुढे बहुधा अडखळतो. चित्रातले चेहरे ओळखीचे नसतात, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतल्या पाट्यांचा संदर्भ लागत नाही, आणि हत्ती म्हणजे रिपब्लिकन, गाढव म्हणजे डेमोक्रॅट एवढे ओळखून पान उलटण्याचा मोह होतो. एकतर्फी निवडणुकीच्या चित्रांत तेवढ्यावर भागूनही जाते. अटीतटीच्या निवडणुकीत मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते : चित्र काढणाऱ्याला निकाल ठाऊक नव्हता, आणि पाहणाऱ्या आपल्याला तो ठाऊक आहे. ही तफावत लक्षात न घेता चित्र पाहिले, तर जे निव्वळ भय होते ते भाकीत वाटू लागते आणि जी धमकी होती ती विनोद वाटू लागते. म्हणून पुढे सांगितलेली सगळी पद्धत एकाच प्रश्नाभोवती बांधलेली आहे : हे चित्र काढले गेले त्या दिवशी काय ठरलेले होते आणि काय ठरायचे बाकी होते?

सरावासाठी तीन निवडणुका घेऊ. १८७६ साली रिपब्लिकन रदरफर्ड हेस आणि डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांची लढत झाली, १८८४ साली डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि रिपब्लिकन जेम्स ब्लेन यांची, आणि २००० साली रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि डेमोक्रॅट अल गोर यांची. त्याआधी तेथील पद्धतीची एक गोष्ट मनात पक्की असली पाहिजे. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेने निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक मते असतात आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला ती सगळी मिळतात. म्हणूनच एखाद्या राज्यातल्या काही शे मतांवर सगळ्या देशाचा निकाल लटकून राहू शकतो, आणि व्यंगचित्रकाराची नजर उमेदवारांवरून त्या एका राज्याकडे वळते. आपल्याकडची अटीतटीची राष्ट्रपतिपदाची निवडणूक म्हणजे १९६९ ची, जिच्यात दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच व्ही. व्ही. गिरी विजयी ठरले आणि चिंतामणराव देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पण तेथे मतदार होते ते खासदार आणि आमदार, त्यामुळे सामान्य मतदाराच्या मतपत्रिकेवर वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत तो प्रश्नच केंद्रस्थानी येतो.

पहिली पायरी : चित्राआधी दिनदर्शिका मांडा

चित्र उघडण्यापूर्वी एका कागदावर त्या निवडणुकीच्या महत्त्वाच्या तारखा लिहून काढाव्यात. १८७६ साठी हे काम केले की पुढचे निम्मे कोडे आपोआप सुटते.

मतदान ७ नोव्हेंबर १८७६ रोजी झाले. एकूण ३६९ निर्वाचक मतांपैकी विजयासाठी १८५ लागत होती. टिल्डन यांच्या पदरात १८४ निर्विवाद मते पडली होती आणि हेस यांच्या पदरात १६५. उरलेल्या वीस मतांवर वाद होता : फ्लोरिडाची ४, लुइझियानाची ८, साउथ कॅरोलायनाची ७ आणि ओरेगनचे १. म्हणजे टिल्डन यांना वीसपैकी एकच मत पुरेसे होते आणि हेस यांना वीसच्या वीस हवी होती. देशभरच्या मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. वादग्रस्त दक्षिणेकडील राज्यांतून दोन-दोन निकालपत्रे वॉशिंग्टनला पोहोचली, आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवण्याची रीत राज्यघटनेत नीट सांगितलेली नव्हती. अखेर जानेवारी १८७७ मध्ये पंधरा जणांचा निवडणूक आयोग नेमला गेला, ज्यात पाच सिनेटर, प्रतिनिधिगृहाचे पाच सदस्य आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती होते. या आयोगाने प्रत्येक वादात आठ विरुद्ध सात अशा मतांनी हेस यांच्या बाजूने कौल दिला आणि २ मार्च १८७७ रोजी १८५ विरुद्ध १८४ असा निकाल जाहीर झाला.

या तारखांवरून तीन खंड पडतात : मतदानापूर्वीचा, निकाल लटकलेल्या जवळजवळ चार महिन्यांचा, आणि निकालानंतरचा. हाती आलेले प्रत्येक चित्र आधी यांपैकी एका खंडात टाकावे. ‘हार्पर्स वीकली’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात त्या काळचा सर्वांत प्रभावी व्यंगचित्रकार थॉमस नास्ट चित्रे काढत असे. त्याची ९ डिसेंबर १८७६, १७ फेब्रुवारी १८७७ आणि २४ मार्च १८७७ या तारखांच्या अंकांतली तीन चित्रे शेजारी ठेवली, तर एकाच माणसाचा स्वर या काळात कसा बदलत गेला ते दिसते. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात ताण आहे, तिसऱ्यात थकवा आहे. तारखा झाकून पाहिल्यास हीच चित्रे निरनिराळ्या माणसांनी काढल्यासारखी वाटतील.

येथे एक सावधगिरी हवी. अंकावर छापलेली तारीख आणि चित्र काढल्याची तारीख एक नसते. नास्ट पेन्सिलीने थेट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढत असे, मग कोरीवकाम करणारे कारागीर तो ठसा कोरत आणि त्यानंतर छपाई होत असे. शिवाय साप्ताहिकावर पुढची तारीख घालण्याची प्रथा होती. त्यामुळे चित्रकाराला ठाऊक असलेली परिस्थिती छापील तारखेच्या काही दिवस मागची धरावी. वेगाने बदलणाऱ्या वादात एवढ्या दिवसांचा फरक फार मोठा ठरतो.

दुसरी पायरी : नियतकालिक कोणाच्या बाजूचे होते ते शोधा

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी नियतकालिके आपला पक्ष लपवत नसत. ‘हार्पर्स वीकली’ १८७६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचे होते आणि नास्टही होता. ‘पक’ हे जोसेफ केपलर याचे रंगीत साप्ताहिक १८८४ मध्ये क्लीव्हलंड यांच्या बाजूने उभे राहिले, तर ‘पक’मधून फुटलेल्या चित्रकारांनी १८८१ मध्ये काढलेले ‘जज’ ब्लेन यांच्या बाजूने. जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ मध्ये विकत घेतलेले ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ हे दैनिक डेमोक्रॅट होते.

मात्र नियतकालिकाची निष्ठा एकदाच शोधून कायमची नोंदवून ठेवू नये. १८८४ मध्ये ब्लेन यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे ‘हार्पर्स वीकली’ आणि नास्ट यांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध भूमिका घेतली. आठ वर्षांपूर्वी टिल्डन यांच्यावर तुटून पडलेला हात आता डेमोक्रॅट उमेदवाराला मदत करत होता.

या पायरीवर नास्टचे १ जुलै १८७६ चे एक चित्र पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटणारा डेमोक्रॅट पुढारी विल्यम ट्वीड याला नास्टने आपल्या चित्रांतून बेजार केले होते, आणि टिल्डन यांनी ट्वीडच्या टोळीविरुद्ध खटले चालवून सुधारक म्हणून नाव मिळवले होते. ट्वीडविरुद्ध दोघे एकाच बाजूला असल्यासारखे होते. तरीही टिल्डन अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरताच नास्टने ट्वीडला कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात, दोन पोरांच्या मानगुटी धरून उभे केले आणि शीर्षकात बालगीतातल्या जुळ्यांच्या धर्तीवर ट्वीड व टिल्डन यांची नावे गुंफून, ही सुधारणा म्हणजे ढोंग आहे असे सुचवले. गंमत अशी, की तुरुंगातून पळून स्पेनला पोहोचलेला ट्वीड याच चित्रावरून ओळखला गेला. इंग्रजी न येणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तो मुले पळवणारा असावा असा समज करून घेतला, असे सांगतात. निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्यावर सोडलेला बाण असा भलत्याच माणसाला लागला. चित्रातला चेहरा आणि चित्राचा रोख या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तिसरी पायरी : आधी फक्त वर्णन लिहा, अर्थ लावू नका

आता चित्र उघडावे आणि त्यात जे दिसते तेवढेच लिहावे : कोण मोठे काढले आहे, कोण लहान, कोणाचा चेहरा आपल्याकडे आहे, कोणत्या वस्तूवर कोणती पाटी आहे, मागे भिंतीवर काय चिकटवले आहे. त्या काळचे चित्रकार पाट्यांचा सढळ वापर करत आणि आजच्या नजरेला तो थोडा गचाळही वाटतो, पण नवख्याला या पाट्याच वाट दाखवतात. पार्श्वभूमीतले कागद विशेषतः वाचावेत, कारण चित्रकार मुख्य आकृतीत जे संयमाने सांगतो ते भिंतीवरच्या कागदात उघड बोलून टाकतो.

वर्णन आधी का लिहायचे याचे कारण असे, की आपल्या डोक्यात आधीच बसलेली प्रतीके डोळ्यांपुढच्या चित्राला झाकून टाकतात. रिपब्लिकन हत्ती लोकप्रिय झाला तो नास्टच्या ७ नोव्हेंबर १८७४ च्या चित्रामुळे. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा अध्यक्ष होऊन हुकूमशहा बनणार, अशी आवई ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ उठवत होते. नास्टने त्या वृत्तपत्राला सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाचे रूप दिले आणि त्याला भिऊन धावत सुटलेल्या जनावरांत ‘रिपब्लिकन मते’ अशी पाटी लावलेला बोजड हत्ती काढला. म्हणजे या चित्रात गाढव डेमोक्रॅटिक पक्ष नाही. तो पक्ष आहे कोल्हा. तीन वर्षांनी नास्टने डेमोक्रॅटिक पक्षाला वाघाच्या रूपात गाडले. प्रतीकांची जोडी पुढे पक्की झाली; १८७६ मध्ये ती अजून ओली होती. आजचा संकेत त्या काळच्या चित्रावर लादणारा वाचक येथे हमखास फसतो.

चौथी पायरी : उसनी घेतलेली कथा ओळखा

बहुतेक मोठी राजकीय व्यंगचित्रे कुठल्या तरी जुन्या कथेच्या खांद्यावर उभी असतात. आपल्याकडचा चित्रकार शकुनीचे फासे किंवा कुंभकर्णाची झोप वापरतो तेव्हा वाचकाला टीप द्यावी लागत नाही. अमेरिकी चित्रकार त्याच सहजतेने बायबल, ग्रीक-रोमन इतिहास आणि पत्त्यांचे डाव वापरतो, आणि तेथे आपल्याला टीप लागते. ही कथा शोधण्यासाठी ओळीतले अवतरण, विचित्र पोशाख आणि प्रसंगाची मांडणी या तीन जागा पाहाव्यात.

‘पक’च्या ४ जून १८८४ च्या अंकात बर्नार्ड गिलम याने ब्लेन यांना जवळजवळ नग्न, अंगभर गोंदलेले दाखवले. गोंदणात त्यांच्यावरच्या आरोपांची नावे होती : रेल्वेचे रोखे, लाचखोरी, आणि त्यांना अडचणीत आणणाऱ्या पत्रांचा उल्लेख. मांडणी उसनी होती फ्रेंच चित्रकार जेरोम याच्या १८६१ च्या प्रसिद्ध चित्रातून, ज्यात फ्रायनी या ग्रीक गणिकेचे वस्त्र तिचा वकील न्यायसभेपुढे अचानक दूर करतो आणि तिच्या सौंदर्याने न्यायाधीश विरघळतात. त्या आठवड्यात शिकागोमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले होते. वस्त्र दूर केल्यावर सौंदर्याऐवजी गोंदलेले कलंक दिसावेत, हा सगळा डाव मूळ चित्र ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. ते ठाऊक नसेल तर उरते ती फक्त एका गोंदलेल्या माणसाची थट्टा. ‘जज’ने उत्तर दिले ते मात्र कुठल्याही कथेचा आधार न घेता. क्लीव्हलंड यांना विवाहबाह्य अपत्य असल्याची बातमी फुटली होती, आणि २७ सप्टेंबर १८८४ च्या अंकात फ्रँक बीअर्ड याने आईच्या कडेवरून ‘मला माझे बाबा हवेत’ असा टाहो फोडणारे मूल काढले. त्यासाठी कोणालाच टीप लागली नाही.

उसन्या कथेचा सर्वांत नेमका उपयोग, माझ्या मते, नास्टने २४ मार्च १८७७ च्या चित्रात केला आहे. हेस अध्यक्ष झाले होते, नास्टचा पक्ष जिंकला होता, आणि तरी त्याने काढला तो पट्ट्या बांधलेला, ठेचकाळलेला हत्ती, डेमोक्रॅटिक वाघाच्या थडग्याशी बसलेला. खालची ओळ आहे इपायरसचा राजा पिऱ्हस याची : असा आणखी एक विजय मिळाला तर मी संपलोच. रोमनांवर मिळवलेल्या विजयात आपलेच सैन्य कापून घेतलेल्या राजाचे हे शब्द विजयी पक्षाच्या तोंडी घालणे, आणि तेही त्या पक्षाच्या स्वतःच्या चित्रकाराने, हे धाडस होते. पराभूत बाजूचे चित्रकार निकालाला चोरी म्हणणारच. जिंकलेल्या बाजूचा माणूस जिंकण्याची किंमत काढून दाखवतो तेव्हा त्या निवडणुकीबद्दल काही खरे कळते. महिन्याभरातच हेस यांनी साउथ कॅरोलायना आणि लुइझियानातल्या राज्य सरकारांना आधार देणारे केंद्रीय सैन्य मागे घेतले आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांचे संरक्षण ढासळले. चित्र त्याआधीचे आहे, तेव्हा या घटनेचा अर्थ त्यात कोंबू नये. पण थडग्याशेजारच्या हत्तीची अवस्था पाहताना ती आठवल्यावाचून राहत नाही, हेही खरे.

पाचवी पायरी : मतदार कुठे आहे ते शोधा

मराठी वाचकाला ही पायरी लवकर जमावी. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीचा कोट घातलेला मूक सामान्य माणूस आणि ‘मार्मिक’ची परंपरा यांवर वाढलेली नजर चित्राच्या कोपऱ्यात आपोआप सामान्य माणसाला शोधते. अमेरिकी चित्रांत तो शोधायला गेल्यास बऱ्याचदा निराशा होते. तेथे देश दिसतो, ‘अंकल सॅम’च्या किंवा ‘कोलंबिया’ या स्त्रीच्या रूपाने. पक्ष दिसतात, प्राण्यांच्या रूपाने. मतदार मात्र कित्येकदा गैरहजर असतो. आणि हजर असतो तेव्हा त्याचे काय केले आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे.

नास्टचे ९ डिसेंबर १८७६ चे मुखपृष्ठ येथे टाळता येत नाही. निकाल लटकलेला आहे, आणि त्याने काढला आहे एक तराजू. एका पारड्यात दक्षिणेचा कृष्णवर्णीय मतदार, दुसऱ्यात उत्तरेचा आयरिश मतदार. दोघांचे चेहरे विद्रूप, दोघेही समान वजनाचे. शीर्षक दोघांना मिळून अडाणी मत म्हणते, आणि त्याला जोडलेला वाक्प्रचार पत्त्यांच्या डावातला आहे, ज्याचा आशय चांगली पाने दोन्हीकडे सारखी पडली असा. आयरिश कॅथलिकांविषयीचा नास्टचा तिटकारा जुनाच होता. पण याच नास्टने १८६८ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकाला पायदळी तुडवणाऱ्या तिघांचे चित्र काढून त्याच्या मतदानाच्या हक्काची बाजू घेतली होती. आठ वर्षांत तो या तराजूपर्यंत कसा आला, याचे उत्तर फक्त त्याच्या स्वभावात शोधू नये. निवडणूक एवढी समसमान झाली की दोन्हीकडच्या पांढरपेशांना दोष द्यायला कोणीतरी हवे होते, आणि तो दोष चित्रकाराने ज्यांच्या हाती वृत्तपत्र नव्हते त्यांच्या माथी मारला.

असे चित्र समोर आले की नवखे वाचक दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘तो काळच तसा होता’ म्हणून पुढे जातात, किंवा चित्र बंद करून चित्रकाराला निकालात काढतात. तिसरा मार्ग अधिक कामाचा आहे : विद्रूपीकरण कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या नाही याची नोंद करावी. त्या वेळी दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने मतदान केंद्रांपासून दूर ठेवले जात होते आणि वीस वादग्रस्त मतांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हीच दांडगाई व तिच्यावरून झालेली मते बाद करण्याची उलाढाल होती. तराजूत तो धाक कुठेच नाही. चित्राने काय वगळले, हे त्यामुळेच कळते.

याच्याशेजारी १७ फेब्रुवारी १८७७ चे चित्र ठेवावे. ‘टिल्डन किंवा रक्त’ अशी घोषणा आहे, पिस्तूल पकडलेला एक हात आहे, आणि त्यावर ठेवलेला दुसरा, त्याला दाबून धरणारा हात. चेहरा एकाचाही नाही. यादवी युद्ध संपून बारा वर्षेही झाली नव्हती आणि पुन्हा शस्त्रे निघण्याची भाषा चालली होती. हे चित्र आज काहीसे अतिरंजित वाटते ते आपल्याला गोळी सुटली नाही हे ठाऊक असल्यामुळे. फेब्रुवारीतल्या वाचकाला ते ठाऊक नव्हते.

सहावी पायरी : वस्तूंवर लक्ष ठेवा

२००० च्या निवडणुकीकडे आलो की चित्रांतली गर्दी ओसरते आणि वस्तू पुढे येतात. येथेही आधी तारखा : ७ नोव्हेंबर २००० ला मतदान झाले, सारा निकाल फ्लोरिडाच्या २५ निर्वाचक मतांवर येऊन थांबला. त्या रात्री दूरचित्रवाणी वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना दिला, मग मागे घेतला, मग बुश यांना दिला आणि तोही मागे घेतला. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते, यंत्रांवरच्या फेरमोजणीत ३२७ मतांनी, आणि २६ नोव्हेंबरला प्रमाणित झालेली आघाडी होती ५३७ मतांची. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला. देशभरच्या मतांत गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते.

या छत्तीस दिवसांत व्यंगचित्रकारांना मिळालेले सर्वांत मोठे पात्र म्हणजे कागदाची टिकली. मतदार कार्डाला टोच्याने भोक पाडत असे आणि त्यातून सुटणाऱ्या बारीक तुकड्याला ‘चॅड’ म्हणत. तो पूर्ण सुटला नाही, एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिला, किंवा नुसता खळगा पडला, तर मत धरायचे की नाही? भिंगातून कार्ड न्याहाळणाऱ्या एका न्यायाधीशाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि भिंग हे त्या दिवसांचे ओळखचिन्ह बनले. दुसरी वस्तू म्हणजे पाम बीच काउंटीची ‘फुलपाखरू’ मतपत्रिका. तिच्यात नावे दोन्ही बाजूंना आणि भोके मधोमध होती. डावीकडे गोर दुसऱ्या नावावर असले तरी त्यांचे भोक तिसरे होते, आणि दुसरे भोक होते उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचे. भिंग, टिकली, फुलपाखरू यांपैकी काही दिसले की चित्र दुसऱ्या खंडातले धरायला हरकत नाही; न्यायाधीशांचे झगे प्रमुख झाले की ते बहुधा डिसेंबरचे.

या वस्तूंमुळे विनोद सोपा झाला आणि, मला वाटते, बराचसा उथळही झाला. मतदाराला भोकसुद्धा नीट पाडता येत नाही, ही कोटी तेव्हा पुष्कळ चालली. जी मतपत्रिका धड वाचता येत नव्हती तिचा दोष वाचणाऱ्यावर गेला, म्हणजे तराजूच पुन्हा, फक्त सौम्य रूपात. फ्लोरिडाच्या राज्य सचिव कॅथरीन हॅरिस यांच्याबाबतही असेच झाले. निकाल प्रमाणित करणारी व्यक्तीच बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचाराची सहअध्यक्ष होती, हा मुद्दा गंभीर होता. कित्येकांनी तो सोडून त्यांच्या रंगरंगोटीची टर उडवली.

याउलट, गॅरी ट्रूडो यांनी ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेत बुश यांचा चेहरा काढलाच नाही. काऊबॉय टोपीखाली नुसती तारांकित खूण ठेवली. बेसबॉलमध्ये १९६१ साली रॉजर मॅरिस याने एका हंगामात एकसष्ट होमरन मारून साठांचा जुना विक्रम मोडला तेव्हा, तो अधिक सामन्यांच्या हंगामात झाला म्हणून, त्याच्या नावापुढे तारांकित टीप हवी असा वाद झाला होता. विक्रम आहे, पण टीपेसह : एवढा आशय एका खुणेत मावला. २००१ चा व्यंगचित्रांसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या ॲन टेल्नेस यांची त्या काळातली चित्रेही पाहावीत. त्यांची रेषा कमी बोलते आणि पाट्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे तिसऱ्या पायरीची सवय तेथे खऱ्या अर्थाने कसाला लागते.

सातवी पायरी : ‘या चित्राने निवडणूक जिंकली का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा

१८८४ चे सर्वांत गाजलेले चित्र वॉल्ट मॅकडूगल याचे. ३० ऑक्टोबरला ‘वर्ल्ड’च्या पहिल्या पानावर ते छापले गेले. आदल्या संध्याकाळी ब्लेन न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिको उपाहारगृहात धनाढ्यांच्या पंगतीला बसले होते. मॅकडूगलने त्या पंगतीला बायबलमधल्या बेलशज्जर राजाच्या मेजवानीचे रूप दिले, जिच्यात भिंतीवर राजाच्या विनाशाची अक्षरे उमटतात. ताटांत मक्तेदारीचे सूप वगैरे पदार्थ आहेत, पंगतीला जे गूल्ड आणि व्हँडरबिल्ट यांच्यासारखे धनिक आहेत, आणि पुढे एक गरीब कुटुंब हात पसरून उभे आहे. रेखाटन म्हणून चित्र गिलमच्या पासंगालाही पुरत नाही. चेहरे दाटीवाटीचे आणि रेषा जड आहेत. पण ते रोजच्या दैनिकात आले, ताज्या बातमीवर आले, आणि डेमोक्रॅटांनी ते मोठे करून भिंतींवर लावले.

पाच दिवसांनी मतदान झाले आणि न्यूयॉर्क राज्य, त्याच्या ३६ निर्वाचक मतांसह, क्लीव्हलंड यांना सुमारे अकराशे मतांनी मिळाले. तेवढ्याने अध्यक्ष ठरला. तेव्हापासून या चित्राने निवडणूक फिरवली असे लिहिले जाते. पण चित्र छापले त्याच्या आदल्याच दिवशी ब्लेन यांच्या समोर एका पाद्र्याने डेमोक्रॅटांना दारू, रोमन कॅथलिक धर्म आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटले होते आणि आयरिश मतदार खवळले होते. अकराशे मतांचा फरक असला की प्रत्येक कारण पुरेसे ठरू शकते, आणि म्हणूनच कोणतेही एक कारण सिद्ध करता येत नाही. चित्राचा परिणाम मोजण्याऐवजी ते कोणाला काय पटवू पाहत होते आणि त्यासाठी त्याने काय लपवले, हे विचारावे. त्याची उत्तरे चित्रातच सापडतात.

सराव कसा करावा

अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर ‘पक’ आणि इतर साप्ताहिकांतली चित्रे मोठ्या आकारात पाहता येतात. छोट्या आकारातली प्रत घेऊ नये, कारण पाट्या वाचता आल्या नाहीत तर तिसरी पायरीच कोसळते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाचे बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालय आणि संग्रहालय अवश्य पाहावे. छापील पानाचा खरा आकार पाहिल्यावर मधल्या जोडपानाचा दरारा कळतो. पडद्यावर तो कळत नाही.

सुरुवात एकाच निवडणुकीपासून करावी आणि तीन खंडांतले एकेक चित्र निवडावे. प्रत्येकाखाली पाच नोंदी लिहाव्यात : छापील तारीख व त्या दिवशी काय ठरायचे बाकी होते, नियतकालिकाची बाजू, फक्त वर्णन, उसनी कथा, आणि मतदार कुठे व कसा आहे. अर्थाचे एक वाक्य सर्वांत शेवटी, या पाच नोंदींवरून काढावे. वर्णन आणि अर्थ जुळत नसतील तर वर्णन पुन्हा तपासावे. बहुतेक वेळा एखादी पाटी वाचायची राहिलेली असते. दोन्ही बाजूंचे निदान एकेक चित्र घ्यावे, नाहीतर १८७६ ची निवडणूक म्हणजे नास्टची निवडणूक असा समज होतो. शक्य असल्यास एकाच आठवड्याची, परस्परविरुद्ध नियतकालिकांतली दोन चित्रे शोधावीत. १८८४ साठी ‘पक’ आणि ‘जज’ यांची जोडी सर्वांत सोयीची आहे : उन्हाळ्यापासून मतदानापर्यंतचे त्यांचे अंक एकापुढे एक पाहत गेले, की एकाने टाकलेल्या पानावर दुसऱ्याने कसे उत्तर दिले ते कोणी न सांगता दिसू लागते.